भरतीला निघालेल्या पोराला कोणतं पुस्तक द्यावं?

दिवाळीनंतर चार दिवस आमगावला जाऊन आले. दरवर्षी जातेच. भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचा मोसम सुरू होतो. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, आणि रात्री नाटक नाहीतर दंडार. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, तरी या दिवसांत महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदिया गाठल्याशिवाय दिवाळी झाली असं वाटतच नाही. शेतात धान कापून पडलेला असतो, बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहत असतात आणि त्या ओलसर तणसाचा वास थेट अंगणापर्यंत येतो. असो. वासाबद्दल लिहायला बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल.

यावेळी पहिल्याच पहाटे जाग आली ती पावलांच्या आवाजानं. साडेचार वाजले असतील. बाहेर रस्त्यावर पाचसहा जण एका लयीत धावत गेले. थोड्या वेळानं परत तोच आवाज, उलट्या दिशेनं. वहिनी चहा ठेवायला उठली होती. म्हणाली, "आपला गोलू हाय न. पोलीस भरतीची तयारी चालू हाय."

गोलू म्हणजे माझ्या आतेभावाचा मुलगा. एकोणीस वर्षांचा. मी शेवटचा नीट पाहिला तेव्हा तो सायकलच्या नळीत पाय घालून सायकल चालवायचा. आता मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय आणि सोळाशे मीटरचं टायमिंग हा त्याच्या आयुष्यातला सर्वात मोठा विषय आहे. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे उभे राहा, अशी पोरं दिसतील. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. शेती दोन एकर आणि वाटेकरी चार. मग दुसरं काय करणार?

दादा, म्हणजे गोलूचे बाबा, स्वतः पोलिसातून निवृत्त झालेत. आयुष्यातली बरीच वर्षं सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात काढली. पोरगा आपल्याच वाटेनं निघालाय म्हटल्यावर दादा खूश असेल असं मला वाटलं होतं. पण तो काहीच बोलत नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीत बसलो होतो, तेव्हा एकदम म्हणाला, "तू येवढे पुस्तकं वाचतेस. याले एखांदं दे न."

"कशाबद्दलचं?"

"लढाईचं," दादा म्हणाला. "पन खरं असलं पायजे."

एवढं बोलून तो सुपारी कातरायला लागला. दादाचं असंच आहे. गाडी एका स्टेशनावर थांबते आणि पुढचं स्टेशन कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं.

मला आधी गंमत वाटली. मग मात्र मी विचारात पडले. माझ्या पुण्याच्या घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत. युद्धावरची पुस्तकं मी बरीच वाचली आहेत, त्यावर चारचौघांत बोललेही आहे. पण उद्या ज्याच्या हातात खरंच बंदूक येणार आहे अशा पोराच्या हातात यातलं कोणतं द्यावं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

गोलूचं वाचन शून्य नाही बरं का. भरतीसाठी सामान्यज्ञान घोकतो. पानिपतची तिसरी लढाई १४ जानेवारी १७६१, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि फोनवर लढायांचे व्हिडिओ पाहतो. रणगाडे, ड्रोन, स्फोट, वर दणदणीत संगीत. मी त्याच्या शेजारी बसून दोनतीन पाहिले. सगळं वरून दिसतं. खाली ठिपके पळतात, मग धूर होतो आणि व्हिडिओ संपतो. ठिपक्यांना चेहरा नसतो.

खरं तर आमच्या जिल्ह्यात मोठी ऐतिहासिक लढाई झाल्याचं कुणी सांगत नाही. पण दूरच्या लढायांचं उरलंसुरलं मात्र आमच्याकडे येऊन राहिलं. बिरसीची विमानाची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या बंगाली लोकांच्या वस्त्या आहेत. त्याच तालुक्यात गोठणगावकडे तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची, नॉर्ग्येलिंग नावाची. लहानपणी आम्ही तिला नुसतं 'तिबेटी कॅम्प' म्हणायचो. हिमालयातली माणसं आमच्या धानाच्या मुलखात, मे महिन्याच्या उन्हात कशाला येऊन राहिली असतील, असा प्रश्न आम्हाला पडायचा नाही. ती होतीच, जसं इटियाडोहचं धरण होतं.

कवी अनिलांनी १९४३ मध्ये 'निर्वासित चिनी मुलास' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध केलं. मूर्तिजापुरात जन्मलेला आपला वऱ्हाडी माणूस, आणि तो त्या जागतिक आगीत होरपळलेल्या एका परक्या पोराशी बोलतोय. कॉलेजात असताना ते नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला एकदम तिबेटी कॅम्पातली पोरं आठवली होती. आपल्या तालुक्याशेजारी निर्वासित मुलं होती आणि आपण त्यांना एकदाही काही विचारलं नाही, याची तेव्हा थोडी लाज वाटली. चांगलं पुस्तक बहुधा एवढंच करतं. जे डोळ्यासमोर होतं ते उशिरा दाखवतं.

तर गोलूसाठी पुस्तक. मी मनातल्या मनात कपाट उघडलं.

पहिलं नाव अर्थातच विश्वास पाटलांचं 'पानिपत'. १९८८ साली आलं आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना त्यानंच वाचायला लावलं. पण मला गोलूची भीती वाटली. तो त्यातला आवेश घेईल. ज्या लष्करामागे हजारो बिनलढाऊ माणसं, बायका, यात्रेकरू चालले होते, त्यांची उपासमार घेईल का? मीसुद्धा सतराव्या वर्षी वाचताना ती पानं भराभर उलटून लढाईकडे धावले होते. वयाचा दोष, दुसरं काय.

वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' फार मोठं. भरतीच्या धावपळीत ते उशाखालीच राहील. श्याम चव्हाणांचं १९६२ च्या युद्धकैदेवरचं पुस्तक आणि मेजर जनरल शशिकांत पित्र्यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट', दोन्ही फौजी माणसांनी लिहिलेली, त्यामुळे दादाची 'खरं असलं पायजे' ही अट पुरी होते. पराभवाबद्दल मराठीत सरळ बोलणारी पुस्तकं कमी, त्यात ही आहेत. ही मी 'नंतर द्यायची' म्हणून बाजूला ठेवली.

मग गोडसे भटजी आठवले. वरसईचा एक गरीब भिक्षुक घरावरचं कर्ज फिटावं म्हणून यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७ च्या वणव्यात सापडतो. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा हा माणूस शहरात होता. त्याचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं. मला त्या पुस्तकातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? भटजी शूर असल्याचा आव आणत नाहीत. घाबरतात, लपतात, पुन्हापुन्हा लुटले जातात. शहर लुटलं जातं म्हणजे नेमकं काय होतं, आधी सोनंनाणं कसं जातं आणि मग भांडीकुंडी, दाणागोटा कसा जातो, हे भिक्षुकाच्या हिशेबी नजरेनं सांगतात. दक्षिणा मिळवायला निघालेला माणूस शेवटी गंगाजलाची कावड घेऊन घरी पोचतो. इतिहासाच्या पुस्तकात झाशीला राणी आहे आणि इंग्रज आहेत. भटजींच्या झाशीत विहिरी आहेत, बोळ आहेत, तहान आहे. पण त्यांची जुनी भाषा गोलूला पहिल्याच पानावर अडवेल असं वाटलं.

राहिलं विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. १९३९ चं. लहानसं पुस्तक. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले, शांघायच्या वाटेला लागलेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. अख्ख्या कादंबरीत सैन्य समोरासमोर येत नाही आणि तरी नाव रणांगण. शेवट सांगत नाही. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांनी कृपा करून वाचा. विशेष म्हणजे महायुद्ध पेटलं त्याच साली हे मराठीत लिहून झालं होतं. ज्यूंचं पुढे काय होणार हे जगाला कळायचं होतं.

'रणांगण' द्यायचं जवळपास ठरलं. पण ते होतं पुण्याच्या कपाटात, आणि मी होते आमगावात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोलू म्हणाला, "आत्या, चाल, तुले फिरवून आनतो." त्याच्या गाडीवर मागे बसून पदमपूरला गेलो. आमगावपासून जवळच आहे. जुन्या मूर्तींचे अवशेष, शेतं, शांत गाव. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. संस्कृत नाटककार भवभूती आठव्या शतकातला. आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं, असं त्यानंच आपल्या नाटकात सांगून ठेवलंय. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे हेच आमगावजवळचं, असं मांडलं. आमगावच्या कॉलेजलाही भवभूतीचंच नाव आहे. म्हणजे आमगावात रोज शेकडो पोरं 'भवभूतीला जाऊन येतो' म्हणतात आणि त्यातल्या फार थोड्यांना हा कोण ते माहीत असतं. मलाही नव्हतं. आमच्या संस्कृतच्या बाईंनी अकरावीत 'उत्तररामचरित' गोष्टीसारखं सांगितलं तेव्हा कळलं.

गोलू बांधावर बसून शेंगदाणे खात होता. मला वाटलं, पुस्तक हाताशी नाही तर नाही, गोष्ट तर आहे! आणि सांगायला सुरुवात केली.

लढाई संपली आहे. रावण मेला आहे, राम राजा झाला आहे. रामायण खरं तर इथे संपायला हवं. भवभूती इथून सुरू करतो. पहिल्याच अंकात लक्ष्मण काही चित्रं दाखवायला आणतो. त्यांच्याच आयुष्याची चित्रं, लग्नापासून वनवासापर्यंतची. आपण लग्नाचा अल्बम पाहतो तसे ते तिघं पाहतात. आणि जनस्थानातली चित्रं आली की हा जिंकलेला राजा रडायला लागतो. सीता शेजारी बसलेली असते, सुखरूप असते, तरी रडतो. लढाई संपली तरी ती माणसाच्या आतून संपलेली नसते, हे बाराशे वर्षांपूर्वी या मुलखाशी नातं सांगणाऱ्या माणसानं लिहून ठेवलंय.

"बाबाचं बी तसंच हाय," गोलू मध्येच म्हणाला. "फटाके फुटले का आतमंदी जाऊन बसते."

मी एकदम गप्प झाले. हे मला माहीत नव्हतं. दिवाळीत दादा दिसला नाही की मला वाटायचं, कंटाळला असेल.

मग पुढचं सांगितलं. त्याच रात्री राम सीतेला सोडतो. बारा वर्षं जातात. वाल्मीकींच्या आश्रमात लव आणि कुश वाढतात, आपला बाप कोण हे त्यांना माहीत नाही. एक दिवस अश्वमेधाचा घोडा तिकडे येतो. आश्रमातल्या पोरांनी घोडा कधी पाहिलेला नसतो. ती धावत येऊन लवाला त्या प्राण्याचं वर्णन करून सांगतात, त्याला शेपूट आहे, खूर आहेत, गवत खातो. इथे गोलू मोठ्यानं हसला. या हसण्याच्या लगेच पुढे लढाई आहे. घोड्याबरोबरच्या सैनिकांची मिजास लवाला सहन होत नाही, तो घोडा अडवतो.

आणि समोर येतो चंद्रकेतू. लक्ष्मणाचा मुलगा. म्हणजे चुलतभाऊच एकमेकांसमोर शस्त्रं घेऊन उभे. दोघांनाही ते माहीत नाही. पण एकमेकांना पाहून दोघांच्याही मनात काहीतरी हलतं. का ते कळत नाही, पण समोरचा आवडतो. लव पायी आहे म्हणून चंद्रकेतू रथातून खाली उतरतो. लवाकडे जृंभकास्त्र असतं, त्यानं तो अख्खं सैन्य नुसतं थिजवून टाकतो. तरी शेवटी दोघं लढतातच. ती लढाई भवभूती रंगमंचावर दाखवत नाही. आकाशातून जाणारं एक विद्याधर जोडपं ती पाहतं आणि आपल्याला सांगतं. तेवढ्यात राम येतो आणि लढाई थांबते. आणि मग हळूहळू त्या पोरांच्या चेहऱ्यात त्याला सीता दिसायला लागते.

हा राम निर्दोष नाही, हेही मी गोलूपासून लपवलं नाही. याच नाटकात त्यानं तपस्वी शंबुकावर तलवार चालवली आहे, निष्पाप बायकोला जंगलात सोडलं आहे. पण त्या दोन पोरांच्या मध्ये तो वेळेवर आला.

गोलू बराच वेळ काही बोलला नाही. शेंगदाण्याची टरफलं बांधीत टाकत होता. मग म्हणाला, "आत्या, राम आला म्हनून ठीक हाय. नाई आला असता तर?"

मी म्हटलं, "तर एक मेला असता."

"मंग नंतर समजलं असतं, का भाऊ होता म्हनून."

"हो. नंतर समजलं असतं."

अंधार पडत होता. आम्ही परत निघालो. वाटेत कुठल्यातरी गावच्या मंडईचा भोंगा ऐकू येत होता, रात्रीच्या नाटकाची जाहिरात. भावाभावांच्या वैराचं नाटक होतं, आमच्याकडे ते नेहमीच चालतं.

रात्री सगळे नाटकाला गेले. दादा गेला नाही, म्हणून मीही थांबले. जिना चढताना मधल्या खोलीतला फोटो दिसला. देवघराच्या बाजूला दादाच्या एका बॅचमेटचा फोटो आहे, हार घातलेला. भूसुरुंगात गेला. त्याच्याबद्दल घरात सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी दादा त्याच्या घरी जाऊन येतो, त्याच्या मुलीच्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिला होता. वर गच्चीवर बसलो तेव्हा मी दादाला पदमपूरची गोष्ट सांगितली, गोलूचा प्रश्नही सांगितला. आणि मग त्या रात्री दादानं दुसरी एक गोष्ट सांगितली, जी त्यानं अठरा वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. वहिनीलासुद्धा नाही. त्याची परवानगी घेऊनच इथे लिहितेय. गावाचं नाव आणि साल मात्र लिहीत नाही.

एका चकमकीनंतरची सकाळ. दादा चकमकीत नव्हता. त्याची ड्युटी दवाखान्यात लागली होती, शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर. आत एका पोराचं प्रेत होतं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. दुपारी त्याचा बाप ओळख पटवायला आला. सायकलनं, जंगलातून, किती तास चालवत आला कोण जाणे. त्याच्या पिशवीत एक नवा सदरा होता, घडी न मोडलेला. पोराला घालायला आणलेला.

"त्यानं माह्याकडं पाह्यलं," दादा म्हणाला, "आन म्हनाला, तू आमगावच्या मास्तराचा पोरगा नाई का?"

तो माणूस दरवर्षी आषाढात टोळीबरोबर आमच्याकडे रोवणीला यायचा. आत्याच्या हातची आंबील प्यायचा. दादाला तो आठवला नव्हता. त्याला मात्र दादा आठवत होता, चड्डीतला, पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकणारा. त्यानं विचारलं, माय बरी हाय का? दादानं सांगितलं, बरी आहे. मग आत गेल्यावर सदरा घालायची वेळ आली. हात ताठरलेले. बापाला जमेना. बोटं थरथरत होती.

"बटनं मी लावली," दादा म्हणाला.

पुढे काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. खाली वहिनीनं लावून ठेवलेला रेडिओ तसाच चालू होता.

मी दादाच्या दोन्ही बाजू सांगतेय, कारण त्यातली एकच सांगितली तर ती खोटी होईल. तो बॅचमेटच्या मारेकऱ्यांना माफ करून बसलेला नाही. आणि त्या सदऱ्याची बटणंही विसरलेला नाही. शेजारच्या गडचिरोलीत एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरच्या चकमकीत चाळीस नक्षली मारले गेले, तेव्हा टीव्हीवर तो आकडा मोठ्या अक्षरांत आला. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला, तेव्हाही आकडा आला. दादानं दोन्ही वेळा टीव्ही बंद केला, असं वहिनी सांगते. २०२५ च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत भूपतीनं साठेक साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली, ती बातमी मात्र त्यानं शेवटपर्यंत पाहिली. काही बोलला नाही. फक्त "बरं झालं" म्हणाला.

त्या रात्री मला झोप आली नाही. सारखा एकच शब्द डोक्यात फिरत होता, 'ओळख पटवणे'. आमच्याकडे हा शब्द माणूस गेल्यावर वापरतात. बापाला बोलावतात, चेहऱ्यावरचं कापड काढतात आणि ओळख पटते. भवभूतीच्या नाटकात ओळख पटते ती दोघंही पोरं जिवंत असताना. फरक एवढाच आहे, आणि सगळं त्या फरकात आहे.

युद्धाबद्दलची जी पुस्तकं माझ्या मनात राहिली, ती सगळी हीच धडपड करतात असं आता मला वाटतं. बेडेकर बोटीवरच्या एका मुलीला नाव आणि चेहरा देतात. भटजी झाशीच्या एकेका बोळाची ओळख पटवतात. अनिल एका परक्या पोराशी बोलतात. पुस्तकानं लढाई थांबते, असा माझा भाबडा समज नाही. राम वेळेवर येतो तो नाटकात. वाल्मीकींच्या गोष्टीत सीता धरणीच्या पोटात जाते, भवभूतीनं मात्र तिला आणि रामाला शेवटी पुन्हा एकत्र आणलं. त्याला माहीत नव्हतं का की असं होत नसतं? चांगलं माहीत असणार. कल्हणानं लिहून ठेवलंय की भवभूती ज्या यशोवर्म्याच्या पदरी होता, त्या राजाचा काश्मीरच्या ललितादित्यानं पराभव केला. राजे हरताना त्याच्या काळानंही पाहिले होते. तरी त्यानं शेवट बदलला.

सकाळी दादाला मी विचारलं, "गोलूला जाऊ नको म्हणायचंय का तुला?"

दादा म्हणाला, "नाई. मी का म्हनून रोकू? माह्याच पगारावर तो लहानाचा मोठा झाला. जाऊ दे. पन त्याले बटनं लावता आली पायजे."

मला हे वाक्य कळायला वेळ लागला. तुम्हालाही लागेल.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम केलं ते 'रणांगण' पोस्टानं पाठवण्याचं. माझी जुनी प्रत, कॉलेजात घेतलेली, पानं पिवळी पडलेली. आत काही लिहिलं नाही. आधी लिहिणार होते, 'चि. गोलूस सप्रेम' वगैरे, मग वाटलं, राहू दे.

तीन आठवडे काहीच नाही. मी समजले, उशाखाली गेलं. परवा रात्री फोनवर त्याचा मेसेज आला. आधी टायमिंग, सोळाशे मीटर पाच मिनिटं बावीस सेकंद, म्हणजे सुधारतोय. त्याखाली लिहिलं होतं:

"आत्या पुस्तक अर्ध झालं. या लोकाईले कोनताच देश काहून घेत नाई?"

दोन दिवस झाले. उत्तर अजून पाठवलेलं नाही. काय लिहू याचा विचार करतेय. आणि तो तिकडे पहाटे साडेचारला उठून धावतोच आहे.